अर्ध्यावरच्या गोधड्या

“उसवली म्हणजे? फाटली?”

“फाटली नाही गं. उसवली. मुद्दाम.” शेजारीण दारातच उभी होती, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. “मी जुने स्वेटर द्यायला वृद्धाश्रमात गेले होते. तर व्हरांड्यात तुझी निळी गोधडी. अर्धे टाके काढून टाकलेले, बाजूला दोऱ्यांचा नुसता ढीग.”

थोरलीच्या हातातली सुई हातातच राहिली. सासरी ती थोरली सून, म्हणून सगळ्यांची थोरलीच.

“महिनाभर खपले मी त्या गोधडीवर,” ती म्हणाली. “बोटांची चाळण झाली.”

गोधड्या मुळात तिच्या नव्हत्या. सासूबाईंच्या होत्या. नातवंडांसाठी म्हणून त्यांनी हौसेनं एकामागून एक शिवायला घेतल्या, डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तशा एकेक करून बाजूला ठेवल्या. ऑपरेशन झालं, नजर आली, पण तोवर नातवंडं मोठी होऊन घराबाहेर पडली होती. गोधड्या ट्रंकेत गेल्या त्या गेल्याच.

मग गेल्या वर्षी थोरली लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि परत येते तो सासूबाईंची खोली रिकामी.

“धाकटा येऊन घेऊन गेला,” नवरा म्हणाला. “आईचीच इच्छा होती.”

एवढी वर्षं केलं कुणी? पथ्यपाणी, डोळ्यांतले थेंब, रात्री-अपरात्री उठणं. आणि जाताना ‘येते गं’ एवढं म्हणायलाही थांबल्या नाहीत? थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली ती उतरलीच नाही. धाकट्या जावेशी तिचं बोलणं केव्हाच तुटलं होतं. तिला फोन करून विचारायचं म्हणजे तिच्या उंबऱ्यावर नाक घासायचं. नवराच मधूनमधून सांगायचा, “आई मजेत आहे.”

“असणारच,” थोरली म्हणायची. “राबायला थोरली आणि गोड धाकटी.”

तरी ट्रंक उघडल्यावर तिला त्या गोधड्या टाकवेनात. राग माणसावर, कापडानं काय घोडं मारलं होतं? सासूबाईंचा टाका बारीक, एकसारखा. जिथे त्यांचा दोरा थांबला होता तिथून तिनं आपला सुरू केला.

“कशाला त्या चिंध्या उपसतेस?” नवरा दोन-तीनदा कुरकुरला. “भंगारात दे.”

त्यावर ती आणखीनच हट्टाला पेटली. झालेल्या गोधड्यांचा गठ्ठा तिनं अनाथाश्रमासाठी म्हणून शेजारणीच्या गाडीत ठेवला. शेजारीण नवी होती, सासूबाई गेल्यानंतर राहायला आलेली; पण असल्या कामांत उत्साही. अनाथाश्रमात पांघरुणं भरपूर होती, तेव्हा तिनं गठ्ठा परस्पर वृद्धाश्रमात पोचवला. थोरलीला त्याचंही काही वाटलं नव्हतं. ऊब मिळाली कुणाला तरी, झालं.

आणि आता हे.

“चल,” ती उठली.

“आत्ता?”

“मग कधी? सगळ्या उसवून झाल्यावर?”

गाडीत ती धुमसत होती. “फुकट मिळालं की किंमत नसते बघ माणसाला.”

“म्हातारी माणसं गं. भ्रमिष्ट असेल कुणी.”

“भ्रमिष्ट माणूस टाका-टाका नीट वेचत बसत नाही. टराटरा फाडतो.”

वृद्धाश्रमाच्या ऑफिसात व्यवस्थापक बाईंनी खुर्ची पुढे केली. थोरली बसली नाही.

“दिलेली वस्तू सांभाळता येत नसेल, तर घेता कशाला?”

बाई ओशाळल्या. “आम्ही खूप सांगून पाहिलं हो. एक आजी आहेत. एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. गोधड्या आल्या त्या दिवशी गठ्ठ्यापाशी येऊन बसल्या, निळी उचलली आणि लागल्या उसवायला. म्हणतात, टाके ढिले आहेत, पुन्हा घालते.”

“ढिले?” थोरलीचा आवाज चढला. “कोण ह्या शहाण्या? समज द्यायला घरचं कुणी आहे की नाही?”

“मुलगा येऊन जातो महिन्याकाठी. सून मात्र एकदाही फिरकली नाही.”

“कशाला फिरकेल? म्हातारीला इथे टाकून सुटली असेल भवानी. आणि मुलगा काय, बायकोच्या ताटाखालचं मांजर! अशांना लाजही वाटत नाही. कुठे आहेत त्या आजी? मलाच बोलू द्या.”

बाई अडवायच्या आत ती व्हरांड्यात पोचली होती. टोकाच्या बाकावर, उजेडाकडे तोंड करून, एक पाठमोरी म्हातारी बसली होती. मांडीवर निळी गोधडी पसरलेली. एक बाजू पुन्हा शिवायला सुरुवातही झाली होती.

“अहो आजी,” थोरली मागूनच कडाडली, “दुसऱ्याच्या कष्टाची तुम्हाला काही—”

म्हातारीनं मान वळवली.

चष्म्याआडून सासूबाई तिच्याकडे बघत होत्या.

“आई? तुम्ही... तुम्ही तर धाकट्याकडे...”

“धाकट्याकडे कधी गेले मी?” सासूबाईंनी सुई कापडात खोचली. “आणि आज कशी वाट चुकलीस?”

“मला कुणी सांगितलंच नाही हो, की तुम्ही इथे—”

“नाटकं पुरेत. त्यानंच सांगितलंय मला सगळं. लेकीकडून नवऱ्याला फोन करून कोण म्हणालं होतं, म्हातारी घराबाहेर गेली तरच मी परत येईन?”