निसटलेली चप्पल

दवाखान्याच्या वाटेवर भागवतच्या पायातली चप्पल निसटली, तरी तो तसाच पुढे गेला. संजीवनीनं ती उचलली. नवरा चप्पल हरवून, झोकांड्या खात घरी येऊ लागला, तेव्हा तिनं त्याला बालाजीच्या देवळात दारू सोडायची शपथ घ्यायला लावली होती. त्यानंही ती मुकाट्यानं घेतली. आता डॉक्टर रिपोर्ट पाहून म्हणाले, “रक्तातल्या तांबड्या पेशी फुगल्यात. दारू घेता?” तिनं कानात प्राण आणले. “कधीच नाही,” भागवत म्हणाला. “दूध-दही?” “समदं डेअरीले जाते.” “मग बी-बारा जीवनसत्त्वच कमी पडलंय. पायांच्या नसाही त्यानंच बधिरल्यात. इंजेक्शनं देऊ, पण फार उशीर केलात.” बाहेर आल्यावर संजीवनीला राहवेना. “मंग शपथ काऊन घेतली हो?” “तुह्या जिवाचा घोर मिटत व्हता ना.” तिनं वाकून चप्पल त्याच्या पायात सरकवली. समोर बघत त्यानं विचारलं, “घातली का?”