झांजेवरचा हात

फ्रांगने झांजेवर काठी टेकवली आणि आवाज निघतो न निघतो तोच दुसऱ्या हाताने ती घट्ट धरली. पुढची झांज, तेच. त्याच्या पुढचीही तशीच.

दुकानदार बाह पिनशाई, म्हणजे पिनशाईदादा, कमरेवर हात ठेवून बघत होता. शिलाँगच्या लैतुमख्रा भागातल्या चढावर त्याचं जुन्या वाद्यांचं दुकान. "झांज घ्यायला आलायस की तिला झोपवायला?"

फ्रांग ओशाळून हसला आणि त्याने हळूच कोपऱ्यात पाहिलं. तिथे स्टुलावर त्याची सासू, मेई (म्हणजे आई) सिलबोन, चौकड्यांची शाल लपेटून बसली होती. ती निघाली होती बाजारात सुकी मासळी घ्यायला. मासळी घेऊन झाली तरी बाई घरी जायचं नाव काढीना, सरळ त्याच्या मागोमाग दुकानात आली. दुकानदाराने रीतीप्रमाणे क्वाय पुढे केलं. पानाला चुना लावून, ओली सुपारी गालात धरून ती निवांत चघळत होती.

लाबान भागातलं घर तिचं. खासी रीतीने पुढे ते धाकट्या मुलीचं होणार आणि फ्रांग त्या धाकटीचा नवरा, म्हणून तोही तिथेच राहायचा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. घरात कोणी त्याला कधी वाकडा शब्द बोललं नव्हतं, तरी तो दार लावायचा तेसुद्धा दाराला कळू नये असं. चाळिशीत ड्रम शिकायची हौस उफाळून आली खरी, पण असली दणदणाटी वस्तू लाबानला न्यायची त्याची छाती झाली नाही. मावलाईला बहिणीकडे ठेवू, त्याने ठरवलं होतं. ते आईचं घर, तिथे त्याचा हक्क. बहीण हो म्हणाली होती. सासूला मात्र यातलं काहीच माहीत नव्हतं.

"पहिलाच संच ना? मग हा घे," पिनशाई म्हणाला. "पाच ड्रम, झांजा त्यातच आल्या. याहून स्वस्त शिलाँगात मिळणार नाही." त्याने त्यातली पातळ पितळी झांज वाजवली. डब्याचं झाकण पडल्यासारखा आवाज आला.

"चालेल," फ्रांग म्हणाला. "हळू वाजते ना?"

"हळू नाही, वाईट वाजते. मी विकायला बसलोय, तरी सांगतो. ड्रम कसाही असू दे, वरचं कातडं बदललं की सुधारतो. झांज जन्मली तशीच राहते. वाचवायचं तर ड्रमांवर वाचव." त्याने भिंतीवरून एक जुनी, काळवंडलेली काशाची झांज उतरवली, कुठे चीर नाही ना म्हणून कडेवरून नख फिरवलं आणि दांडीवर चढवली. "ही बघ."

फ्रांगने काठी मारली. तेवढ्यातही त्याच्या अंगावर काटा आला. पण हात सवयीने पुढे गेलाच.

"हात काढ," कोपऱ्यातून आवाज आला.

"मेई?"

"वाजव आणि हात काढ. मघापासून बघतेय, एकीलाही बोलू देत नाहीयेस."

त्याने वाजवली. आवाज फुलला, दुकानभर पसरला, थरथरत राहिला. मेईचं तोंड चघळायचं थांबलं. आवाज पार विरेपर्यंत ती जागची हलली नाही.

"कुठे ठेवणार हे सगळं?"

फ्रांगने काठी खाली ठेवली. "मावलाईला. बहिणीकडे. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"म्हणजे संध्याकाळी तूही तिकडेच."

"रोज नाही, मेई."

पिनशाई फडकं घेऊन आधीच लख्ख असलेला ड्रम पुसायला लागला.

"जेवताना तुझी बोटं ताटाच्या कडेवर नाचतात," मेई म्हणाली. "मी बघितलं की थांबतात. मला वाटायचं, मला घाबरतोस. आज कळलं, तू अजून पाहुणाच आहेस." ती शाल सावरत उठली. "घर माझं आहे ना? मग त्यात आवाज कोणी करायचा ते मी सांगणार. मागच्या खोलीतली बटाट्याची पोती हलव. तिथे मावेल."

"शेजारी बोंब मारतील."

"त्यांचा कोंबडा पहाटे बोंब मारतो, तेव्हा मी काही बोलते का?"

फ्रांगचा चेहरा उजळला. मग तो दुकानदाराकडे वळला. "ते दोन छोटे ड्रम राहू द्या. पायाचा मोठा, हा कडकडणारा आणि हा एक, बस्स. त्यांच्याऐवजी ही झांज." आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यालाही नवीनच होतं.

"आता कसं," पिनशाई म्हणाला आणि त्याने झांजेच्या मधल्या भोकात सुतळी ओवून दिली.

टॅक्सीच्या टपावर ड्रम चढले. ड्रायव्हरने विचारलं, "मावलाई म्हणाला होतात ना?"

"लाबान," फ्रांग म्हणाला.

मासळीची पिशवी मेईने पायाशी टाकली, झांज मात्र कोणाच्या हातात दिली नाही. सुतळीला धरून खिडकीशी लोंबती ठेवली. पहिल्याच खड्ड्यात टॅक्सी उडाली, झांज दाराच्या मुठीवर आपटली आणि अख्खी गाडी घणघणली. फ्रांगचा हात झटकन पुढे गेला.

मेईने बाहेर बघत बघतच त्या हातावर चापट मारली, आणि झांज वाजत राहिली.