नवस फेडायची घाई

औंधच्या डोंगरावर यमाईच्या दारात नातीचं जावळ झालं आणि अंबूबाईच्या मनातला संशय पक्का झाला.

सृष्टीचं डोकं तुळतुळीत झालं होतं. तिला कडेवर घेऊन राजवर्धन हसत फोटो काढत होता. अंबूबाईचा हा एकुलता एक लेक हवाई दलात हेलिकॉप्टर चालवायचा. देवीवर त्याची श्रद्धा अशी, की खिशात यमाईचा फोटो असल्याशिवाय तो हेलिकॉप्टरात पाय ठेवत नसे. पण नवसाचा विषय निघाला की दर सुट्टीला त्याचं एकच उत्तर असायचं, पुढच्या खेपेला बघू, देवी कुठं पळून चाललीया? सुट्टीचे दिवस मग झोपेत, मटणात आणि लेकीशी खेळण्यात संपून जायचे.

या वेळी मात्र तो न कळवता आला, तेही चारच दिवसांसाठी. आल्या आल्या म्हणाला, राहिलेले सगळे नवस फेडून टाकू. देवीला साडीचोळी झाली. लग्नापासून राहिलेला गोंधळ काल दारात घातला, आणि आज हे जावळ. एवढ्यावर थांबला असता तरी आईनं मनाची समजूत घातली असती. पण हातभर बांधावरून ज्या भाऊसोचं, सख्ख्या चुलत्याचं, तोंड बघत नव्हता, त्याच्या घरी जाऊन हा पाया पडून आला, वर बांधही सोडून आला. गावानं पोराचं कौतुक केलं. अंबूबाईच्या घशाखाली मात्र त्या दिवशी घास उतरला नाही. भांडखोर माणूस एकाएकी गुणी झाला की घरच्यांनी घाबरावं, हे ती अनुभवानं शिकली होती. तिचा नवराही देवाघरी जायच्या आधी आठ दिवस असाच गोड बोलत होता.

तिला सुनेचाही संशय येत होता. स्वप्नाली सांगलीची, चांगली शिकलेली. नवऱ्याचं सगळं हिला ठाऊक असणार आणि दोघं मिळून म्हातारीला गप्प बसवतायत, असं तिच्या मनानं घेतलं. देवळाच्या पायरीवर तिनं सुनेला गाठलं आणि आडपडदा न ठेवता विचारलं. स्वप्नाली सृष्टीची टोपी हातात घेऊन उगाच सरळ करत राहिली. मग म्हणाली, मलाही काही सांगत नाहीत, विचारलं की बाळाला घेऊन बाहेर जातात. आणि त्या टोपीनंच तिनं डोळे पुसले. अंबूबाईला सुनेवर घेतलेल्या संशयाची लाज वाटली, आणि भीती दुप्पट झाली.

टीव्हीवर आठवडाभर सरहद्दीच्या बातम्या चालल्या होत्या. अंबूबाईला त्यातलं फार कळत नव्हतं. पण बातम्या लागल्या की राजवर्धन टीव्ही बंद करायचा, ते तिनं बघून ठेवलं होतं.

तिनं त्याला देवळातच बाजूला घेतलं. "खरं सांग. कुठं पाठवत्यात तुला?"

"कुठं न्हाई, आये. रोजचंच काम हाय."

उत्तर फार पटकन आलं. परक्या माणसाला द्यावं तसं, हसून. वरिष्ठांनी तोंड बंद ठेवायला बजावलं असणार, एवढं तिलाही कळत होतं. माणसांपुढं खोटं बोलणं त्याला भागच होतं. अंबूबाईनं त्याचं मनगट धरलं आणि त्याला पुन्हा गाभाऱ्यापुढं नेऊन उभं केलं.

"पुसाच्या म्हैन्यातल्या जत्रंला दंडवत घालत डोंगर चढून येतो, असं बोल देवीला."

राजवर्धननं हात जोडले. देवीला दिलेला शब्द मोडायचा नाही, आणि जे आपल्या हातात नाही ते बोलायचं नाही, हे त्याला लहानपणी तिनंच शिकवलं होतं. पुजारी तीर्थाचं भांडं घेऊन थांबला. मागं दर्शनाला आलेली माणसं ताटकळली. राजवर्धननं एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. देवीकडं बघता बघता त्यानं मान खाली घातली.

अंबूबाईला कळायचं ते कळलं. त्याला तिथंच धरून ठेवावं, घरी नेऊन दाराला कडी घालावी असं तिला वाटलं. पण असल्या लेकाला दाराची कडी पुरणार नव्हती. तिनं पदर सावरला, उंबऱ्यावर डोकं टेकवलं आणि साऱ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यमाई, माझा राजवर्धन पुसात पायथ्यापास्नं दंडवत घालत तुझ्या दारात यील. त्याच्या नावानं बोलतीया. दुसऱ्या कुणी हा नवस फेडायचा न्हाई."

राजवर्धनचा चेहरा उतरला. आल्यापासून पहिल्यांदाच तो आईवर चिडला.

"आये, मला न इचारता माझ्या नावानं बोललीस?"

"मग तू तरी मला कुठं सांगून चाललायस?"