ब्राउझरचा सांभाळ

तिसऱ्यांदाही ब्राउझर इन्स्टॉल झाला नाही. स्क्रीनवर तीच लाल ओळ. घड्याळात साडेदहा, आणि मुलाखत अकराला. परदेशातल्या त्या कंपनीचं मुलाखतीचं पान या ब्राउझरच्या नव्या व्हर्जनवरच उघडणार होतं. तिच्याकडच्या जुन्यावर नाही.

ती उठली, बसली, पुन्हा उठली. ब्राउझर घ्यायचा होता तो लिनक्स या मोफत प्रणालीच्या लोकभांडारातून. तिथला एकेक प्रोग्राम कुणीतरी हौसेनं, फुकटात सांभाळतं. हा कोण दिवटा, म्हणून तिनं पहिल्यांदाच सांभाळणाऱ्याचं नाव पाहिलं. नाव सासऱ्यांचं होतं. शेवटचा बदल आज सकाळचाच.

नवरा गेल्यापासून चार वर्षं घरात ही दोघंच. सासरे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. दिवसभर कॉम्प्युटरला चिकटून ते काय करतात, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. काल जेवताना तिनं मुलाखतीचं सांगितलं, पान उघडत नाही हेही सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली होती.

ती तरातरा त्यांच्या खोलीत गेली.

"बाबा, मला जाऊ द्यायचं नसेल तर तोंडावर सांगायचं होतं. हे असं पाठीमागून बिघडवून ठेवायचं?"

त्यांनी मान वर केली नाही. बोटं चालूच होती. "पान उघडत नाही म्हणालीस, म्हणून सकाळी घाईघाईत नवं व्हर्जन टाकलं. एक ओळ चुकली. दोन मिनिटं दे."

दोनाची वीस झाली. ती दारातच पाय बदलत उभी होती.

"बघ आता."

इन्स्टॉल झाला. अकराला दोन मिनिटं कमी असताना पान उघडलं.

पाऊण तासानं ती पुन्हा त्यांच्या दारात आली. कंपनीनं तिथल्या तिथेच होकार दिला होता. पुढच्या महिन्यात निघायचं. हे सांगून ती म्हणाली, "मघाशी मी काहीच्या काही बोलले, बाबा."

"ते सोड. या ब्राउझरच्या सांभाळणाऱ्यांत आता तुझंही नाव घातलंय."

"माझं? अहो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!"

"म्हणूनच," ते स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, "अडलीस की फोन तरी करशील."