‘बाद’चं बटण

माझं ॲप सोपं आहे. पडद्यावर नऊ चित्रं येतात. आवडलेल्या चित्रांवर बोट टेकवायचं, नकोशा चित्रांवर ‘बाद’ दाबायचं. उरलेल्यांच्या रंगरेषा मिसळून पुढची पिढी जन्मते.

“‘बाद’ फार तुसडं वाटतं गं. ‘नको’ लिही,” धाकटा भाऊ म्हणाला होता. मी कशाला ऐकतेय.

सहाव्या पिढीत एक खोली उमटली. पिवळी भिंत, टेबल, रिकामी खुर्ची. माझ्या प्रोग्रामला वर्तुळं आणि रेघा सोडून काहीही काढता येत नाही. तरी ती माझीच खोली होती, आणि उसवलेल्या गादीची ती खुर्चीही माझीच, आत्ता मी बसलेय तीच.

मी ती खोली बाद केली. सातव्या पिढीत ती परत आली. मी परत बाद केली. आठव्या पिढीत त्या खोलीच्या दारात भाऊ उभा होता, हातात कप आणि खांद्यावर ओला टॉवेल.

“माझ्या ॲपात कोणी राहायचं ते मी ठरवते,” मी पडद्याला सुनावलं आणि बोट पांढरं पडेपर्यंत बटण दाबून धरलं.

मागे दार उघडलं. भाऊ आत आला, हातात कप आणि खांद्यावर ओला टॉवेल.

“ताई, चहा. आता गेली कुठे ही?”

“डोळे फुटले का तुझे? इथेच बसलेय.”

त्याने कप टेबलावर ठेवला, माझ्याकडे पाठ केली आणि खुर्चीत बसायला वाकला.

मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. बसायचं तर बसू दे. मी उठणार नाही.