डिकुकूतली मनुका

पुलेंगने बोट चाटलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पिठाला आल्याची चव होती.

स्वयंपाकघरात दोन पांढऱ्या बादल्या झाकून ठेवलेल्या होत्या. एकीत पीठ भिजवायला पावडरीचं पातळ दूध. दुसरीत गेमेरे, म्हणजे आलं, साखर आणि मनुका घालून आंबवलेलं नाताळचं पेय. वीज गेलेली, हात पिठाने माखलेले, आणि घरभर आल्याचाच वास सुटलेला. त्यात नाकाला काय कळणार? तिने चुकीच्या बादलीतून तांब्यामागून तांब्या ओतला होता आणि वर मन लावून मळलंही होतं.

पिठाची अख्खी गोणी त्या परातीत गेली होती. दुसरी आणायची ऐपत नव्हती, आणि असती तरी नाताळच्या तोंडावर बोत्शाबेलो गावात पीठ मिळतंय कुठे! दुकानातल्या भेटी या घराला कधी परवडल्याच नाहीत. पण दर नाताळला प्रत्येक नातेवाइकाकडे इथून एक डबा जायचा. डबा जुना आइस्क्रीमचाच असायचा, पण आत वरून खरपूस नि आतून मऊ डिकुकू, म्हणजे घरी भाजलेले छोटे गोड केक, असायचे. लोक वर्षभर तो रिकामा डबा जपून ठेवायचे आणि पुढच्या नाताळला स्वतःहून घेऊन यायचे. यंदा सासूची, म्मे मातेबोहोची, बोटं सुजली होती. "परात आता तुझी," एवढंच म्हणून ती बाजूला झाली होती.

पुलेंगला धास्ती सासूची नव्हती. धास्ती होती रखादीची, म्हणजे तेबोहोच्या, तिच्या नवऱ्याच्या, आत्याची. या घराण्यात रखादी सेलिनाचा शब्द शेवटचा. तेबोहोच्या लग्नात ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "पोर दिसायला बरी आहे. पण शहरातली, पाव विकत आणून खाणारी. हिच्या हातचा डबा मी घरी नेला, तर सून म्हणेन." तेव्हापासून ती पुलेंगला 'ती मुलगी' म्हणायची. तेबोहो हसण्यावारी न्यायचा. पुलेंगला हसू येत नव्हतं. तिला सून म्हणवून घ्यायचं होतं, आणि त्याच तोंडून.

आता टाकून देणार तरी काय? तिने डिकुकू कापले, वीज आल्यावर भाजले, खाली चादरीवर मांडले. दिसायला झकास झाले होते, तेच जास्त वाईट वाटत होतं.

म्मे आली. एक उचलला, मोडला, सावकाश चावला. मग गेमेरेच्या बादलीचं झाकण वर करून पाहिलं. बादली अर्धी झाली होती.  म्मेने झाकण जागेवर ठेवलं आणि खाली बसून मुकाट्याने डबे भरायला घेतले. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं पुलेंगला वाटलं.

नाताळच्या दुपारी रखादी सेलिना आली. डोक्यावर रुंद हॅट, काखेत गेल्या वर्षीचा रिकामा डबा. अंगणात पीचच्या झाडाखाली खुर्ची ओढून तिने फर्मावलं, "आधी गेमेरे आणा. घसा वाळलाय."

"जरा कमीच झालंय यंदा, रखादी," पुलेंग चाचरत म्हणाली आणि पेला पुढे केला.

"कमी? या घरात?" रखादीने भुवया उंचावल्या आणि ताटलीतला डिकुकू उचलला.

एक घास. चावणं मध्येच थांबलं. रखादीने दोन बोटांनी डिकुकूतून काहीतरी उपसलं आणि उजेडात धरलं. टम्म फुगलेली मनुका होती.

"मातेबोहो, डिकुकूत मनुका? आणि हे आलं कसलं?"

 आता खरं सांगून मोकळं व्हावं म्हणून पुलेंगने तोंड उघडलं, तेवढ्यात म्मेचा सुजलेला हात तिच्या मनगटावर आला.

"औसी, ती या घरची जुनी पद्धत आहे," म्मे नणंदेला पापणी न लववता म्हणाली. "तुमच्या आईची. त्यांनी मला शिकवली, मी हिला. विसरलात होय?"

रखादी सेलिनाने आधी म्मेकडे बघितलं, मग पुलेंगकडे, मग मनुकेकडे. तिचे खांदे हलायला लागले. हसता हसता हॅट डोळ्यांवर घसरली, ती सावरायचंही भान तिला राहिलं नाही. मग तिने मनुका तोंडात टाकली, उरलेला डिकुकू संपवला आणि रिकामा डबा पुलेंगच्या हातात दिला.

"सूनबाई, काठोकाठ भर हो. आणि वरून दाबून."

पुलेंगचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले ते कुणाला दिसू नयेत म्हणून ती लगबगीने आत वळली. सासू एवढं बेमालूम खोटं बोलू शकते, आणि तेही आपल्यासाठी, हे तिला खरंच वाटत नव्हतं. दाराशी पोचते न पोचते तोच मागून रखादीचा आवाज आला.

"मातेबोहो, तुझ्या पहिल्या नाताळला तू बादली चुकली होतीस ना, तेव्हा आईनेही पापणी न लववता आम्हाला हेच सांगितलं होतं. फक्त ती म्हणाली होती, ही तिच्या सासूची पद्धत आहे."