सात बंद दारं

"झेंड्यापाशी पोचलात की जिंकलात, बाबा," लुहिया म्हणाली आणि तिनं कंट्रोलर वडिलांच्या हातात दिला.

पेलेनातोनं तो उलटसुलट करून पाहिला. बाहत्तर वर्षांचा माणूस, जन्मभर नुकुनोनू बेटाभोवतीच्या समुद्रात होडी घातलेली. गुडघे गेले तशी तीन वर्षं त्याची उलांडीची, बाजूला तोल धरणारं लाकूड बांधलेली होडी नीरफणसाखाली पालथी पडून होती. लुहियाला पुढच्या आठवड्यात वेलिंग्टनला जाऊन एका कंपनीला आपल्या व्हिडिओ गेमचा हा डेमो दाखवायचा होता. पण तिला धाकधूक होती ती बाबांची. इस्पितळातली नोकरी सोडून ती खेळ बनवायला लागली, तेव्हापासून त्या विषयावर त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं.

पडद्यावर पाणी उजाडलं. खडकाच्या कडेवर फिकट हिरवं, पलीकडे एकदम गडद. हातात वल्हं घेतलेली एक पोर होडीत उभी होती. पेलेनातोनं बटण दाबलं, होडी सरकली, आणि म्हातारा बसल्या जागी किंचित डावीकडे कलला.

"अगं, हे आपलंच पाणी आहे," तो हळूच म्हणाला.

मग त्याला लांबवर पक्ष्यांचा थवा दिसला. खेळानं काही सांगायच्या आतच त्यानं होडी तिकडे वळवली, कारण पक्षी तिथे खाली कुपा मासा, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. ते पक्षी तू घातलेस का, असं त्यानं विचारलं. लुहिया हो म्हणाली. लहानपणी होडीत तुम्हीच दाखवले होते, म्हणाली. म्हाताऱ्यानं मान हलवली, पण डोळे पडद्यावरून काढले नाहीत.

तेवढ्यात खालून होडीएवढी, सापासारखी वाम मासळी उसळली. पोरीला वल्ह्यानं तिच्या नाकाडावर मारायचं होतं. चिमुरड्यांनीही खेळावं म्हणून रक्ताचा थेंब नव्हता. पेलेनातो तीनदा पाण्यात पडला. कोपऱ्यात चटई विणणारी लुहियाची आई मालिया म्हणाली, "खऱ्या समुद्रात कधी बुडला नाहीत, आणि इथे चटईवर बुडताय." चौथ्यांदा फटका बरोबर बसला. वाम रुसून खोल गेली, होडी कुप्यांनी भरली आणि म्हातारा पोरासारखा खदखदून हसला. लुहियानं त्याला असं हसताना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

झेंडा उजवीकडे फडकत होता. पेलेनातोनं होडी डावीकडे, गावाकडे वळवली.

"बाबा, झेंडा तिकडं आहे. वेळ संपतोय."

"मासे घेऊन कोणी झेंड्याकडं पळतं का? आधी वाटप."

गावच्या होड्यांनी आणलेली मासळी किनाऱ्यावर मांडायची, घरटी वाटे करायचे, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचाही वाटा पोचवायचा आणि मगच कुणी चूल पेटवायची, हे नुकुनोनूच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. लुहियालाही होतंच की.

किनाऱ्यावर सात घरं होती. पेलेनातोनं पोरीला पहिल्या दाराशी उभं केलं आणि रीतीप्रमाणे थांबला. दार उघडलं नाही. मग दुसरं. तिसरं. सातव्या दाराशी वेळ संपला आणि पडद्यावर 'हरलात' असं आलं. त्याचं म्हाताऱ्याला काहीच वाटलं नाही.

"घरात कोणीच नाही?"

"नुसती रंगवलेली आहेत, बाबा. आत काही नाही."

त्यानं कंट्रोलर जपून चटईवर ठेवला. "लाट न् लाट ओळखू येते मला यात. तीन वर्षांनी आज समुद्रावर जाऊन आलो, पोरी. माझ्या लेकीनं नेलं." मग तो थोडा घुश्श्यातच म्हणाला, "एवढं पाणी जिवंत केलंस, मग माणसांनीच काय घोडं मारलं होतं?"

लुहियानं लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि डोळे पुसून विचारलं, पहिल्या घरात कोण?

तो सांगत गेला. पहिल्यात एकटी म्हातारी, तिला माशाचं मुंडकं आवडतं. दुसऱ्यात जुळी पोरं, दार उघडायला दोघंही धावतील. तिसरं घर मात्र आपलं, तो म्हणाला. असं सातव्यापर्यंत झालं. मग त्यानं किनाऱ्यावर वल्हं घेऊन उभ्या असलेल्या पोरीवर बोट ठेवलं.

"आणि ही? सगळ्यांचं वाटून झाल्यावर ही कुठं जेवते?"

"तिला घर दिलेलं नाही, बाबा."

मालियाचे हात चटईवर थांबले. पेलेनातोनं तिच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"आपल्या घरात आम्ही दोघं आहोत," तो म्हणाला. "तिघं लिही."